आधी ट्यूब पाण्यात बुडवा

"सेन्सर गेलाय, बदलून बघू."

या चार शब्दांनी आपल्याकडे जेवढा पैसा खाल्लाय, तेवढा लग्नातल्या मानपानानेही खाल्ला नसेल. यातलं 'सेन्सर गेलाय' मी एकवेळ समजू शकतो, क्वचित खरंच गेलेला असतो. माझं भांडण आहे ते 'बदलून बघू'शी. आधी बदलायचं आणि मग बघायचं! म्हणजे पोट फाडून अपेंडिक्स काढून टाकायचं आणि पेशंट कण्हायचा थांबतो का ते नंतर पाहायचं. नाही थांबला तर? तर मग किडनी काढून बघू.

आज गॅरेजविषयी लिहितोय. नेहमीच्या वाचकांना (म्हणजे तुम्ही मोजके ब्लॉगवाले आणि आमचं गणगोत :-)) विषय रुक्ष वाटेल, पण थोडं सहन करा. मी काही गॅरेजवाला नाही. मशीनशॉपमध्ये आयुष्य गेलं, त्यामुळे मोजल्याशिवाय बोलायचं नाही एवढी एक सवय लागलीय, आणि हल्ली ती लोकांना खुपते.

झालं असं की आमच्या मावसभावाने, म्हणजे दादाने, एक जुनी परदेशी सेडान घेतली. तिसऱ्या हातची. नाव सांगत नाही, कंपनीचा यात काही दोष नाही. पेट्रोल, आणि त्यावर सुपरचार्जर. आपल्याकडे टर्बो आता घरोघरी झालेत, पण सुपरचार्जरवाल्या गाड्या अजूनही कोल्हापुरात बोटावर मोजण्याइतक्या असतील. त्यामुळे दादाची कॉलर ताठ. आणि ती कॉलर तवंदी घाटात उतरली. बेळगावला जाताना निपाणी सुटली, चढ लागला आणि गाडी ओढेचना. उसाचे ट्रॅक्टर तेवढे मागे पडत होते, बाकी सगळे पुढे जात होते. वर डॅशबोर्डवर इंजिनचा पिवळा दिवा.

पुढच्या सात महिन्यांत त्या गाडीचं काय काय बदललं ते ऐका. पहिल्या ठिकाणी स्कॅनर लावला, कोड आला पी ०१७१, म्हणजे मिश्रण लीन, हवा जास्त आणि पेट्रोल कमी. निदान: ऑक्सिजन सेन्सर गेलाय. बदलला. दिवा चार दिवस गेला आणि परत आला. दुसऱ्या ठिकाणी: हवेचा सेन्सर गेलाय. बदलला. तिसऱ्या ठिकाणी पेट्रोलचा पंप बदलला. चौथा तर थेट ट्यूनर होता. तो म्हणाला, लीन आहे ना, मग मॅपमध्ये पेट्रोल वाढवून देतो, स्टेज वन करून टाकू, वीस घोडे फुकट. घोडे कुठे गेले माहीत नाही. गाडी काळा धूर ओकायला लागली, ॲव्हरेज सातवर आलं आणि तवंदी घाट होता तिथेच राहिला.

या चौघांपैकी कुणीही चोर नव्हता हे मला आधी सांगितलं पाहिजे. चौघांनीही पार्ट खरे घातले, पावत्या दिल्या. मला राग आहे तो पद्धतीचा. कोड म्हणजे निदान नव्हे, कोड ही तक्रार आहे. पोराला १०२ ताप आहे असं थर्मामीटर सांगतं, तेव्हा आपण मेडिकलमधून नवा थर्मामीटर आणतो का? ऑक्सिजन सेन्सर बिचारा सांगत होता की आत हवा जास्त येतेय. खरं बोलला म्हणून त्याचीच उचलबांगडी! त्याच्या जागी आलेल्या नव्या सेन्सरनेही तेच सांगितलं, कारण तो प्रामाणिक होता.

आता थोडं तांत्रिक. कंटाळा आला तर दोन परिच्छेद गाळा, पण खरी मजा इथेच आहे.

सुपरचार्जर म्हणजे लोहाराचा भाता, बाकी काही नाही. ज्याला रूट्स ब्लोअर म्हणतात त्याचं पेटंट अमेरिकेतल्या इंडियाना राज्यातल्या रूट्स बंधूंनी १८६० साली घेतलं, तेव्हा मोटारगाडी जन्मायची होती. तो ब्लोअर पुढे भट्ट्यांना वारा घालायला वापरला गेला. आपल्या शिरोलीच्या फाउंड्रीवाल्यांना हे सांगायला नको, कुपोलाला वारा कमी पडला की काय होतं ते त्यांना झोपेतही कळतं. १९२१ साली बर्लिनच्या प्रदर्शनात मर्सिडीजने हाच भाता बसवलेल्या गाड्या विक्रीला मांडल्या. टर्बो एक्झॉस्टच्या जोरावर फिरतो, सुपरचार्जर इंजिनच्याच पट्ट्यावर फिरतो, एवढाच मुख्य फरक. तत्त्व सोपं: जास्त हवा कोंबा, त्या हिशेबात जास्त पेट्रोल द्या, जास्त ताकद घ्या. सगळी मेख 'त्या हिशेबात' या दोन शब्दांत आहे. साध्या इंजिनमध्ये हिशेब थोडा चुकला तर गाडी नुसती कुरकुरते. दाबून हवा भरलेल्या इंजिनमध्ये पूर्ण जोरात असताना पेट्रोल कमी पडलं तर ठिणगी वेळेवर पडूनही उरलेलं मिश्रण आपल्या मर्जीने फुटतं, पिस्टनवर घणाचे घाव बसतात आणि रिंगांमधल्या कडा तुटतात. म्हणून बूस्टमध्ये मिश्रण मुद्दाम दाट, रिच ठेवतात. म्हणजे 'बदलून बघू, नाहीच जमलं तर मॅप मारू' हा खेळ इथे निव्वळ खर्चाचा राहत नाही, इंजिनच जातं.

आणि बूस्टबद्दल एक गैरसमज. बूस्टचा काटा वर म्हणजे ताकद जास्त, असं सगळे धरून चालतात. बूस्ट म्हणजे भात्याने दिलेली, पण इंजिनने अजून न गिळलेली हवा. एक्झॉस्टमधला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर चोंदला तर काटा उलट वर जातो आणि गाडी मेलेली असते! काटा खाली असेल तर पट्टा घसरतोय का, बायपासची झडप उघडी राहिलीय का, एअर फिल्टर चोंदलाय का, की भरलेली हवा कुठून बाहेर चाललीय, असे चार वेगळे प्रश्न असतात. चौघांची उत्तरं वेगळी आणि खर्चही वेगळे.

शेवटी गाडी आली उचगावात. (आमचं उचगाव कोल्हापूरचं, करवीर तालुक्यातलं, हुपरी रस्त्यावरचं. बेळगावजवळचं मळेकरणी देवीचं उचगाव वेगळं. पै-पाहुण्यांनी मागे एकदा घोळ घातला होता म्हणून सांगतोय.) तिथे एक मेस्त्री आहेत. पत्र्याची शेड, पुढे चिंच, आत दोन पोरं. मेस्त्रींनी बॉनेट उघडलंच नाही. पहिल्यांदा इग्निशन चालू केलं, इंजिन चालू न करता, आणि मोबाइलवर एक आकडा बघितला. इंजिनच्या मॅनिफोल्डमधला दाब: ९५. मान डोलावली. मला कळेना. मग म्हणाले, "इंजिन बंद हाय, म्हंजी आत भायेर हवा सारखीच. आपलं कोल्लापूर उंचावर, हितं पंच्याण्णवच यायला पायजे. शंभराच्या वर दाखवला आसता तर ह्यो सेन्सर खोटारडा."

अहो, हे वाक्य मी वहीत लिहून ठेवलंय. समुद्रसपाटीला हवेचा दाब १०१ किलोपास्कल, कोल्हापूर साधारण साडेपाचशे मीटरवर, तिथे तो ९५ च्या आसपास. एक पैसा खर्च न करता, बॉनेट न उघडता, एका सेन्सरची साक्ष तपासून झाली. याला म्हणतात निदान. साक्षीदार खरा आहे का ते आधी बघा, मग साक्ष ऐका.

मग गाडी चालू केली. इंजिनचा संगणक ठरलेल्या हिशेबापेक्षा किती टक्के पेट्रोल वाढवतोय किंवा कमी करतोय, त्याला फ्युएल ट्रिम म्हणतात. पाचशे-हजाराच्या ब्लूटूथ डोंगलवरही हा आकडा दिसतो. पहिल्या तिन्ही ठिकाणी तो समोर होता, बघितला कुणी नाही. ट्यूनरचा मॅप काढून मूळचा घातला होताच. उभ्या गाडीत आयडलला आकडा आला अधिक २२. अडीच हजार फेऱ्यांवर अधिक ६. मग दोघं हायवेला गेले. मेस्त्री शेजारी बसून मोबाइलवर नोंद करतायत, दादा चालवतोय. थोडा बूस्ट आला की ट्रिम उणे ११! आणि पाय पूर्ण दाबला की मॅनिफोल्डचा दाब १२५ च्या वर जाईना, धडधाकट असताना तो दीडशेच्या आसपास जायला हवा.

आता हे आकडे वाचा. मला तर ते एखाद्या रहस्यकथेच्या शेवटच्या पानासारखे वाटले. पंप कमजोर असता तर जोर वाढेल तशी पेट्रोलची टंचाई वाढली असती, ट्रिम वरवर चढत गेलं असतं. इथे उलट झालं. हवेचा सेन्सर कमी मोजत असता तरी जोर देताना ट्रिम असं उणे गेलं नसतं. मग असं काय आहे, जे आयडलला जास्तीची हवा आत घेतं आणि बूस्टला मोजलेली हवा बाहेर सोडतं? भोक! थ्रॉटलच्या पलीकडे कुठेतरी भोक आहे. आयडलला तिथे आत ओढ असते, त्यामुळे न मोजलेली हवा आत शिरते आणि मिश्रण लीन होतं. बूस्टला तिथेच दाब असतो, सेन्सरने मोजून आत पाठवलेली हवा बाहेर पळते, पेट्रोल मात्र मोजलेल्या हवेच्या हिशेबाने पडतं, म्हणून रिच. बूस्टही तिथूनच गळतो. एकच भोक, तीन तक्रारी. आणि ट्यूनरसाहेबांनी काय केलं होतं? जिथे आधीच पेट्रोल जास्त होत होतं तिथे अजून ओतलं होतं.

धुराने भोक सापडलं. मेस्त्रींचं धुराचं मशीन म्हणजे रंगाचा रिकामा डबा, त्यात डिझेल गाडीचा ग्लो प्लग, तळाला थोडं बेबी ऑइल आणि अगदी हलकी हवा. थ्रॉटलजवळच्या नळीतून धूर सोडला. दोन मिनिटांनी सुपरचार्जरच्या खालून, जिथे डोळाही पोचत नाही आणि हातही, धुराची एक बारीक रेघ वर आली. ब्रीदरची बोटाएवढी रबरी नळी. उष्णतेने आणि तेलाच्या वाफेने कडक होऊन उभी चिरलेली. दाब आला की चीर ओठ उघडायची. (धुराऐवजी पेट्रोल शिंपडून 'इंजिनचा आवाज बदलतो का बघू' म्हणणारे महाभाग आहेत. कृपा करून तापलेल्या एक्झॉस्टवर हे करू नका, करू देऊ नका.)

नळी बाराशे रुपयांची.

आता मुख्य मुद्दा. मेस्त्रींनी बिल सांगितलं: नळीचे बाराशे, तपासणीचे सहाशे. आणि आमचा दादा, ज्याने सात महिन्यांत पाऊण लाख रुपये चकार शब्द न काढता मोजले होते, तो म्हणाला, "नळीचे ठीक आहेत हो मेस्त्री, पण हे सहाशे कशाचे? नुसता धूरच तर सोडलात."

दादा, तू हे वाचणार आहेस, वहिनी वाचून दाखवतीलच, म्हणून तोंडावर सांगतो. ते सहाशेच तेवढे कामाचे होते. आधीचे पाऊण लाख तू खोक्यांना दिलेस. प्रत्येक वेळी हातात खोकं पडलं, आत चकचकीत पार्ट, सोबत जुना काढलेला पार्ट पिशवीत घालून, की तुला वाटायचं काहीतरी मिळालं. या माणसाने तुला खोकं दिलं नाही, उत्तर दिलं. आणि उत्तराचे पैसे द्यायची आपल्याला सवयच नाही.

हे फक्त दादाचं नाही, आपल्या सगळ्यांचं आहे. डॉक्टरांनी नाडी बघून 'काही नाही, पाणी जास्त प्या' म्हटलं तरी आपण मुकाट फी देतो. वकिलाने 'केस करू नका' सांगितलं तरी देतो. पण मेस्त्रीने तीन तास डोकं चालवून 'बाकी सगळं चांगलं आहे, एवढी नळी बदला' सांगितलं की आपण म्हणतो, केलंत काय तुम्ही? मग मेस्त्रीने काय करावं? त्यालाही घर आहे. त्याला कळून चुकतं की विचाराला गिऱ्हाईक नाही, पार्टला आहे. विचार करून बाराशेची नळी शोधली तर सहाशेसाठी घासाघीस. विचार न करता वीस हजारांचा सेन्सर घातला तर कमिशन सुटतं, वर गिऱ्हाईक चहा पिऊन जातं. 'बदलून बघू' ही पद्धत गॅरेजवाल्यांनी शोधली असं आपण म्हणतो. आपणच ती पैसे मोजून पोसलीय.

मेस्त्रींचा थोरला आयटीआय झालाय. हुशार आहे, आकड्यांचा तक्ता मोबाइलवर त्यानेच काढून दाखवला. त्या दिवशी सहाशेची घासाघीस ऐकून तो बापाला माझ्यादेखत म्हणाला, "आबा, पार्टचं दुकान टाकू या. तपासून कुणाचं भलं झालंय?" बाप गप्प बसला. तोही गेला तर त्या शेडमध्ये पंच्याण्णव आकडा बघणारं कोण राहील?

इथे कोल्हापूरवाले म्हणणार, छे, आमच्या मेस्त्र्यांना आकडे लागत नाहीत, नुसता कान लावून सांगतात! हा अभिमान मलाही आहे. म्हादबा मेस्त्रींच्या गोष्टी ऐकतच आमची पिढी वाढली, उद्यमनगरात ऑइल इंजिनं घडली ती काही लॅपटॉपवर नाही. पण ज्या माणसांची आपण नावं घेतो ती कानावर विसंबून थांबली नव्हती. ज्याने स्वतः इंजिन ओतलं आणि घासून बसवलं, त्याला मापाचं महत्त्व तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त कळत होतं. कान पहिली शंका घ्यायला उत्तम. टॅपेट वाजतोय, बेअरिंग गुणगुणतंय हे कान सांगेल. पण अधिक २२ आणि उणे ११ ऐकू येत नाहीत. या गाडीचा कानाला एकच आवाज येत होता, बारीक शीळ, आणि सुपरचार्जर धडधाकट असला तरी शीळ घालतोच. 'कान' हा शब्द हल्ली मोजायचा कंटाळा झाकायला वापरला जातो, असं माझं स्पष्ट मत झालंय.

स्कॅनरवाल्यांचाही तोच आजार, फक्त कपडे वेगळे. तिथे कान नाही, स्क्रीन आहे. लाल अक्षरात काय लिहिलंय ते वाचायचं आणि त्या नावाचा पार्ट मागवायचा. हे वाचायला कशाला गॅरेज लागतं?

आणि आता सगळ्यात ताजं कारण, जे दरवेळी हाताशी असतं: इथेनॉल. दादाचा ठाम सिद्धांत होता की पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल घातल्याने गाडीचं हे झालं. आमचे मामा साखर कारखान्याचे जुने सभासद, त्यांचा सिद्धांत बरोबर उलट: इथेनॉलने कशालाच काही होत नाही, हा सगळा ऊसवाल्यांविरुद्धचा कट आहे. गेल्या दिवाळीत फराळाची ताटं थंड झाली या वादात. २०२५ मध्ये देशभर वीस टक्क्यांचा टप्पा गाठला गेला, २०३० साठी ठरवलेला होता तो पाच वर्षं आधीच, आणि त्यानंतर दोन्ही बाजूंचा आवाज फारच चढलाय. कोल्हापुरात तर हा घरातलाच तंटा. मामाच्या शेतातला ऊस, भाच्याच्या टाकीतलं पेट्रोल.

दोघांनाही माझं एकच म्हणणं: हिशेब करा. शुद्ध पेट्रोलच्या एका भागाला पुरं जळायला १४.७ भाग हवा लागते, वजनाने. इथेनॉलच्या एका भागाला फक्त ९. वीस टक्के मिसळलं की आकडा साडेतेराच्या आसपास येतो. म्हणजे तेवढ्याच हवेला आठ-नऊ टक्के जास्त इंधन लागणार. मामा, हे खरं आहे आणि ॲव्हरेज कमी होणार हेही खरं आहे, कारण इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा ऊर्जाच साधारण एक-तृतीयांश कमी. जुन्या, फक्त पेट्रोलसाठी बेतलेल्या गाडीत ऑक्सिजन सेन्सर ही तूट आयडलला आणि सावकाश चालवताना भरून काढतो, पण पाय पूर्ण दाबल्यावर बऱ्याच जुन्या गाड्यांचा संगणक त्या सेन्सरचं ऐकत नाही, आधी लिहून ठेवलेल्या तक्त्याने पेट्रोल देतो. तिथे सुपरचार्जरवाल्याने सावध राहायलाच हवं. दुसऱ्या बाजूला, इथेनॉलचा ऑक्टेन जास्त, आपोआप फुटण्याला ते उलट अटकाव करतं. हेही खरं.

पण दादा, इथेनॉलचा हिशेब आठ-नऊ टक्क्यांवर संपतो. तुझ्या गाडीत बावीस होते. उरलेले तेरा-चौदा कुठून आले? आणि इथेनॉल आयडलला लीन करून बूस्टला रिच कसं करेल? ते सगळीकडे सारखंच लीन करील. वर ती नळी ब्रीदरची, तिच्यातून पेट्रोल जातच नाही. सरकारवर रागवायला माझी हरकत नाही, मीही रागावतो. पण सरकारवर रागावून गाडी घाट चढत नाही.

जाता जाता मिश्रणाचा मीटर बसवणाऱ्या उत्साही पोरांसाठी. इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलवर '१४.७ आला म्हणजे बरोबर' हे वाद घालू नका. मीटर मोजतो लॅम्डा, म्हणजे पूर्ण ज्वलनाच्या हिशेबात हवा किती पट. तो गुणिले १४.७ करून तुम्हाला आकडा दाखवतो, टाकीत काय आहे हे त्याला माहीत नसतं. लॅम्डाच बघा. आयडलला १, पूर्ण बूस्टला ०.८ ते ०.८५ च्या दरम्यान. आणि 'आयडलला फ्युएल प्रेशर बरोबर आहे, म्हणजे पंप ठीक' हे तर अजिबात म्हणू नका. पहाटे एकट्याने नळ सोडला तर तिसऱ्या मजल्यावरही धो धो पाणी येतं. सात वाजता सगळी बिल्डिंग उठली की करंगळीएवढी धार. पंप तपासायचा तर सगळे नळ सोडून तपासा, जोर देत असताना. शिवाय ज्या गाडीत पेट्रोलचा दाब बूस्टप्रमाणे वाढत नाही, तिथे चार बारच्या दाबाला समोरून अर्धा बार बूस्ट ढकलतो आणि इंजेक्टरला हाती साडेतीनच उरतात, हेही धरा.

कुणी म्हणेल, हे सगळं एका उचगावच्या मेस्त्रीला जमलं म्हणून सगळ्यांना कसं जमेल, लाखांची मशीनं लागतात. डबा, ग्लो प्लग आणि बेबी ऑइल. लाखांची? आणि एवढं अवघड वाटत असेल तर आपल्या कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्याकडे दहा मिनिटं उभं राहा. तो ट्यूब काढतो, हवा भरतो, घमेल्यातल्या पाण्यात बुडवतो, बुडबुडे कुठून येतात ते बघतो, तिथे खूण करतो, घासतो, मग पॅच लावतो. पॅच लावल्यावर पुन्हा बुडवतो! आजवर एकही पंक्चरवाला मला असा भेटलेला नाही जो म्हणाला, "पंक्चर दिसतंय, व्हॉल्व्ह बदलून बघू. नाहीच जमलं तर टायर बदलू, मग रिम." वीस-पंचवीस लाखांच्या गाडीला नेमकी तीच वागणूक मिळते आणि आपण तिला टेक्नॉलॉजी म्हणतो.

असो. नळी बदलल्यावर आयडलचं ट्रिम अधिक ७ वर आलं (मामा, ते सात बहुधा तुमचे), बूस्ट १४८. दादा परवा बेळगावला जाऊन आला. तवंदी घाट तिसऱ्या गिअरमध्ये चढला म्हणून फोन केला, पाच मिनिटं बोलला, त्यातली चार सुपरचार्जरच्या आवाजाबद्दल. सहाशेतले शेवटी त्याने चारशेच दिले होते. उरलेले दोनशे मी देणार होतो, मेस्त्रींनी घेतले नाहीत.

मागच्या आठवड्यात उचगावात गेलो तर शेडच्या खांबाला पाटी दिसली, थोरल्याच्या हस्ताक्षरात: 'तपासणी ५०० रुपये. काही बदलले नाही तरी द्यावे लागतील.' मी तिथे असेपर्यंत दोघं पाटी वाचून पुढच्या गॅरेजला गेले. तिसरा थांबला, पुन्हा एकदा वाचली आणि विचारलं, "आणि काही सापडलं नाही तर?" थोरला ग्लो प्लग पुसत म्हणाला, "तर काय नाही, हे सापडलं की."